वरची जाळी

हकलबेरीची, रानातल्या त्या जांभळ्या फळांची, जागा कुणाला सांगायची नसते. आमच्या डोंगरात हे पोराला चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. शेजाऱ्यानं विचारलं, यंदा कुठं मिळाल्या, तर म्हणायचं, वर डोंगरात. तोही हसून गप्प बसतो, कारण त्यानंही आपल्याला तेच सांगितलेलं असतं. मोंटानातली माणसं नवऱ्याची भानगड चारचौघांत सांगतील, पण आपली जाळी कुठल्या उतारावर आहे ते मरताना पाद्र्यालाही सांगणार नाहीत.

आमची वरची जाळी डॉसन ओढ्याच्या पल्याड, जुन्या वणव्यात जळालेल्या उतारावर. आजीनं ती आईला दाखवली आणि आईनं मला. वडील जन्मभर त्या बेऱ्यांचा मुरंबा खाऊन गेले, पण त्या कुठून येतात ते त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला, कर्टलाही नाही. दर ऑगस्टात आई आणि मी ओढ्याकाठी आमचा कॅनव्हासचा तंबू ठोकायचो, चार-सहा दिवस राहायचो, बेऱ्या तोडायचो. वर्षातले तेवढे दिवस आई फक्त माझी असायची. बाकीचं वर्ष ती कर्टचं कौतुक करायला मोकळी होती, मी कधी तक्रार केली नाही.

यंदा ती जिलला घेऊन आली. जिलियन, म्हणजे कर्टची बायको, माझी भावजय. मूळची सिॲटलची. गेल्या वर्षापर्यंत माझ्या आईला 'आर्डिस' म्हणून हाक मारायची, यंदा एकदम 'आई' म्हणायला लागली. आईला आई म्हणायला कर्ट होता, मी होते. तिसरं माणूस कुणी मागवलं नव्हतं.

"कर्ट गवताच्या कापणीत अडकलाय," आई म्हणाली. "पोरगी एकटी घरात काय करेल?"

पोरगी चाळिशीची आहे. एकटी घरात पुष्कळ काही करू शकते.

मी आमचा तंबू उभा केला, आईची खाट आत मांडली, वर तिची लोकरी चादर अंथरली. तेवढ्यात जिलनं पलीकडं तिचा नवा निळा तंबू फुगवला आणि आई म्हणाली, "रोंडा, मी जिलकडं झोपते गं. हिच्या तंबूला दोऱ्या नाहीत अडखळायला."

"इतकी वर्षं कधी अडखळली नाहीस."

"इतकी वर्षं म्हातारी नव्हते."

मी ती खाट आवरली नाही. रात्रभर ती माझ्या शेजारी रिकामी राहिली, आणि पलीकडून दोघींची कुजबुज आणि मधूनच आईचं हसू ऐकू येत होतं. मला आतून मिरच्या झोंबत होत्या. सकाळी शेगडीवर किटली ठेवली आणि सवयीनं आईच्या हातात देऊ लागले. आमच्या मुक्कामात कॉफी आईच ओतते, तो तिचा मान आहे. तर म्हणे, "जिल ओतेल." रात्री पत्ते काढले, तर म्हणे, "नको आज. धुरानं डोळे चुरचुरतात." ओढ्यावर तोंड धुवायला निघाली तर जिलच्या कोपराला धरून निघाली, नवी नवरी निघावी तशी. मी सगळं बघत होते. नव्याचे नऊ दिवस, असं मनाला बजावत होते.

पण खरा घाव पॅनकेक खाताना बसला. आई म्हणाली, "आज जिलला वर नेते. तू ओढ्याकडच्या जाळीत बघ."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर."

ओढ्याकडची जाळी रस्त्यालगत आहे, तिथं सगळं गाव तोडून जातं. तिथं पाहुण्यांना पाठवतात.

"आई, ही सिॲटलची आहे. फोटो काढून अख्ख्या जगाला जागा दाखवील."

"फोन गाडीतच ठेवून जाते, रोंडा," जिल म्हणाली. अगदी हळू, अगदी गोड. तिनं एखादा टोला परत मारला असता तर मला ती जरा तरी आवडली असती.

"आणि तू कशाला तोंड वाकडं करतेस?" आई मला म्हणाली. "तुला जाळी माहीत आहे. तिला नको?"

आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असा. आईचं वय झालंय, ही जागा पुढं कुणाकडं जाणार ते यंदा ठरतंय, आणि ते माझ्याकडं जात नाहीये, एवढं मला त्या पॅनकेकच्या ताटलीतच कळलं.

संध्याकाळी दोघी दोन भरल्या बादल्या घेऊन परतल्या. बादल्या आइस्क्रीमच्या रिकाम्या, आमच्याकडे सगळे त्याच वापरतात. आईची नेहमीसारखी: एक पान नाही, एक हिरवं फळ नाही. आईच्या बादलीचा दाखला देऊन अख्ख्या तालुक्यात बायका एकमेकींना बोलतात. आणि जिलची? अर्धी पानं, काटक्या, कच्ची लाल फळं, वर एक किडासुद्धा.

"जिल, बेऱ्या आणल्यास की पालापाचोळा? बकरीसुद्धा निवडून खाते गं."

जिल कानापर्यंत लाल झाली. आई खळखळून हसली. "शिकेल ती. माझी बघ, रोंडा. अजून हात गेला नाही माझा."

"तुझा कसा जाईल?" मी म्हणाले, आणि मला खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मी जरा जास्तच बोलले. शहरात बेऱ्या डब्यात उगवतात, असं काहीतरी. जिल मुकाट्यानं बादली घेऊन निवडत बसली आणि आई पुन्हा हसली. त्या हसण्यात मी आणि आई एका बाजूला होतो. दिवसभरात तेवढंच माझ्या वाट्याला येत होतं.

पुढल्या सकाळी त्या निघाल्या आणि थोड्या वेळानं मी मागोमाग निघाले. त्या वर काय बोलतात, आई तिला काय काय दाखवते, मला बघायचं होतं. दिवसभर त्या रस्त्याकडच्या जाळीत बसून माझं डोकं फिरलं होतं.

वर जाताना आवाज करत जायचं असतं. जाळी जितकी आपली तितकीच अस्वलाची, आणि अस्वलाला दचकवायचं नसतं. म्हणून टाळ्या वाजवायच्या, गाणी म्हणायची, हाका मारायच्या. मला हे आईनंच शिकवलं. त्या दिवशी मी हूं की चूं न करता चढले.

वर उन्हात उतार जांभळा झाला होता. आई कमरेएवढ्या झुडपांत बसली होती, बादली मांडीत. दोन्ही हातांनी फांदी ओरबाडत होती, पानं, काटक्या, कच्चं, पिकलं, सगळं बादलीत जात होतं. जिल दहाएक पावलांवर उभी, एकेक फळ बघून तोडत होती. मला आधी काही कळेच ना. नीट बघायला म्हणून मी आणखी पुढं झाले आणि पायाखाली वाळकी फांदी मोडली.

आई उठून उभी राहिली. थेट माझ्याकडं तोंड करून. मी तिच्यासमोर उघड्या उन्हात उभी होते, डोक्यावर माझी पिवळी टोपी. अगदी समोर. पलीकडच्या कड्यावरची रानबकरी दाखवणारी बाई ती.

तिनं कमरेचा अस्वलावर मारायचा फवारा काढून माझ्यावर रोखला.

"जिल," ती शांतपणे म्हणाली, "हलू नकोस. अस्वल आहे."

जिलनं वळून बघितलं. तिची माझी नजरानजर झाली.

"हो, आई," ती म्हणाली. "आहे. लहानसंच आहे. तू बोलत राहा, जाईल ते."

आणि आई माझ्याशी बोलायला लागली. अस्वलाशी बोलायचा तिचा एक सूर आहे, तान्ह्या पोराला निजवतात तसा. "हे बघ बाबा, तुझं तू खा, आमचं आम्ही खातो. भरपूर आहे. आता मागं फीर. आणि एक सांगते, खाली ओढ्याकडं जाऊ नकोस. तिकडं माझी पोर एकटी आहे. तिच्या वाटेला जायचं नाही. ऐकलंस ना?"

मी ऐकलं. जिलनं मान किंचित हलवली, जा म्हणून. मी एकेक पाऊल मागं घेत, फांद्या मोडत, उतरणीला लागले.

ओढ्यापाशी मी बसून राहिले. दुपारी आईला तंबूत आडवी करून जिल पाणी भरायला आली. तिनं आपणहून सांगितलं, "मधलं काही दिसत नाही तिला. कडेचं थोडं दिसतं, हललेलं कळतं. वसंतात मी तिच्याकडं गेले होते तेव्हा कॉफी कपाबाहेर ओतली तिनं. मग सांगितलं."

"तुला."

"तुला सांगू नकोस म्हणाली. मागं ती घसरून पडली तेव्हा तू तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघून आलीस ना? म्हणाली, रोंडाला कळलं की तंबू गुंडाळलाच समज."

खोटं नव्हतं. मी खोली बघितली होती. चांगली होती खोली.

"आणि बादल्या?"

"उतरताना दोन्ही मी घेते. इथं पोचलो की माझी चांगली तिच्या हातात देते." जिलनं घागर पाण्यात बुडवली. "तिला वाटतं तिचे हात अजून स्वच्छ तोडतात. तेवढं तिला राहू दे, रोंडा. आज रात्री नेहमीसारखी बोल मला. तू गप्प बसलीस तर तिला लगेच कळेल."

तिचं बरोबर होतं आणि त्यानं मला आणखीच राग आला. आईची दृष्टी जाते आहे, ही गोष्ट माझ्या घरातली, आणि ती मला हिच्या तोंडून कळावी. नुसती जाळी दिली असती तिला तर मी कधीतरी विसरले असते. आईनं तिला हे दिलं होतं.

संध्याकाळी शेकोटीशी आईनं अस्वलाची गोष्ट रंगवून सांगितली. "अगदी जवळ होतं, रोंडा. काळं. नुसतं बघत उभं होतं बिचारं. मी चार शब्द सांगितले आणि मुकाट्यानं गेलं. माझ्या पोरीपेक्षा शहाणं. सांगितलेलं ऐकलं त्यानं."

"खाली नाही आलं," मी म्हणाले.

"येणार कसं? मी बजावलं होतं."

मग तिनं आपली बादली पुढं केली. "बघ."

बघितली. एक पान नव्हतं. जिल माझ्याकडं बघत होती.

"तुझी कशी चूक होईल, आई," मी म्हणाले. मग दुसरी बादली पुढ्यात ओढली. माझा आवाज मला जड वाटला, पण आईला तो नेहमीसारखाच वाटला असावा. "आणि ही बघा जिलची. झाडू मारून आणल्यास का गं? यापेक्षा ते अस्वल नीट तोडतं."

आई हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हात चाचपत तिनं जिलचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. "नणंद आहे, बोलायचीच. मनाला लावून घेऊ नकोस हं."

"नाही, आई," जिल म्हणाली.

आईचा हात तिथंच राहिला, जिलच्या गुडघ्यावर. जिलनं दुसऱ्या हातानं बादली आपल्याकडं ओढू बघितली, रोजच्यासारखी निवडायला. मी तिचा हात बाजूला सारला. बादली मांडीत घेतली आणि एकेक पान वेचायला बसले. आईच्या हातची पानं होती ती. ती मी कुणाला देणार नव्हते.