भासऱ्याचं खाकरणं

जगात बायकांचं दशक साजरं होऊन संपलं, तेव्हा कुठे त्याची खबर आमच्या बालाघाट जिल्ह्यात पोचली. आली ती सरकारी जीपमध्ये बसून, सोबत धान कुटायची गिरणी घेऊन. शहाऐंशी साल होतं. बाहेरदेशच्या कुठल्याशा मंडळाने सरकारशी करार केला होता की बायकांच्या हाती यंत्रं द्यायची, म्हणजे त्या पुरुषांच्या बरोबरीला येतील. रामपायलीच्या अलीकडच्या आमच्या गावाच्या वाट्याला त्यातली एक गिरणी आली. एक डिझेलचं इंजिन, एक धान सडणारा हालर आणि दोघांना जोडणारा लांबलचक पट्टा. अट अशी की गिरणी बायकांच्या गटाने चालवायची. त्यांना जमली नाही, तर ती पंचायतीकडे जाईल. पंचायत म्हणजे सरपंच मोतीलाल, आणि मोतीलालचा पोरगा हिरालाल घरी माशा मारत बसलेला. त्यामुळे अटीचा तो दुसरा भाग गावात सगळ्यांना तोंडपाठ होता.

गटाची अध्यक्ष सत्यभामा. मोतीलालचा धाकटा भाऊ महागू, त्याची ही बायको. जिल्हा कार्यालयाच्या सुनीती मॅडमनी तिला नेमलं ते सरपंचाच्या घरातली म्हणून, कामं सोपी होतील म्हणून. बायकांनी मान डोलावली ती वेगळ्या कारणासाठी. इंजिनाचा पहिला धडाका झाला तेव्हा सगळ्या दाराबाहेर पळाल्या होत्या, आणि ही एकटी वाकून आत काय फिरतंय ते पाहत उभी होती.

तिला गिरणी का हवी होती, ते सांगितलं पाहिजे. तोवर घरोघरी धान ढेकीवर कुटायचे. ढेकीला दोन माणसं लागतात. एकीने पायाने लाकूड दाबायचं, दुसरीने उखळापाशी बसून लाकूड वर गेलं की हात घालून धान सारायचं आणि खाली यायच्या आत हात काढायचा. सत्यभामाच्या घरी ही दुसरी म्हणजे तिची पोरगी शीला. चौथीपर्यंत गावातल्या शाळेत गेली आणि मग उखळापाशी बसली. गिरणी आली आणि शीला रामपायलीच्या शाळेत जायला लागली. गिरणी गेली असती, तर ती पुन्हा उखळापाशी आली असती. बरोबरी वगैरे साहेब लोकांनी बघावं, सत्यभामाचा हिशेब एवढाच होता.

वारासिवनीहून आलेल्या पुनाराम मिस्त्रीने बायकांना मशीन शिकवली. इंजिन चालू-बंद करणं मात्र एकट्या सत्यभामालाच जमलं. तो एकच गोष्ट घोकत असे. "बाई, पदर कमरेले खोचा. वेणी बांधा. पट्ट्याले लुगडं लय आवडते, एकदा धरलं का सोडत नाही."

आता अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. आली नसेल तर तुम्ही आमच्याकडचे नाही. आमच्या घरांत भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, उघड्या डोक्याने दिसता कामा नये. त्याच्यासमोर तिने बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. आणि त्यानेही मर्यादा पाळायची. अंगणात पाऊल टाकण्याआधी तो खाकरतो. त्या खाकरण्यासरशी घरातल्या सुना हातातलं असेल ते टाकून पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढतात. विचार करून नाही ओढत. डोळ्यांसमोर माशी आली की पापणी मिटते, तसा हात वर जातो. सत्यभामा लग्न होऊन आली तेव्हा पंधराची होती, आणि तेव्हापासून मोतीलालच्या खाकरण्यावर तिचा उजवा हात वर जात होता.

मोतीलाल वाईट माणूस असता तर ही गोष्ट मला सांगायला सोपी गेली असती. पण तो मर्यादेचा माणूस होता. गिरणी त्याला हवी होती, आणि तरी इंजिन चालू असताना तो कधी गिरणीसमोरच्या कडुनिंबाच्या अलीकडे आला नाही. आपलं धान गड्याच्या डोक्यावर पाठवी. गावातले बाकी थोरलेही तसेच. बायकांनी दाराला पोत्याचा पडदा लावला आणि दुपारची वेळ ठरवली. आत पदर कमरेला, डोकी उघडी, कोंड्याने भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि इंजिनाच्या आवाजामुळे एकमेकींशी ओरडून बोलणं. या बायका जन्मात कधी इतक्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. बाहेरून जाताना तो गलका ऐकला की जिवाला बरं वाटायचं, आजही आठवलं की वाटतं.

मग मंडळाची बाई येणार असं कळलं. नाव कारिन. तिने पाहून वर कळवायचं आणि त्यावर गिरणी बायकांकडे राहते की जाते ते ठरायचं.

आदल्या दिवशी सुनीती मॅडम तयारीला आल्या. बालाघाटच्या नोकरदार घरातल्या, वडील-आजोबा सरकारी खुर्चीत म्हातारे झालेले. मराठी इतकी शुद्ध की गावातल्या बायकांना त्यांचं अर्धं कळायचं नाही. त्यांच्या घरी भावजया मोठ्या दिरांना चहा देताना थट्टा करतात. त्यांनी जगातली सगळी घरं तशीच धरली होती.

"सत्यभामाबाई, कारिन मॅडमना पुरुषांचा सहभाग पाहायचाय. तुम्ही इंजिन सुरू करायचं, पट्टा चढवायचा, आणि मग सरपंच आत येऊन तुमच्या शेजारी उभे राहतील. फोटो निघेल. स्त्री आणि पुरुष, एका यंत्रापाशी."

सत्यभामा म्हणाली, "मॅडम, मशीन मी चालवीन. सप्पा चालवून दाखवीन. पण ते आत नोको. ते माहे भासरे हायेत."

"अगं, याच विचारांशी तर आपल्याला लढायचंय."

"लढा नं. पण इंजिन बंद असतानी लढा."

बायका हसल्या. मॅडमनाही हसू आलं, आणि हसून त्यांनी तो विषय संपवला. हे मला अजून खुपतं. तिने सांगितलं होतं. साध्या शब्दांत, ज्यांचं ऐकणं हे कामच होतं त्यांना सांगितलं होतं.

मोतीलालनेही सांगितलं. "मॅडम, भावसून मशीनवर असन, मी तिथं कसा जाऊ? बरोबर दिसत नाही."

"सरपंचच मागे राहिले तर मंडळ काय म्हणेल? तुम्ही गावापुढे उदाहरण घालून द्यायचं."

उदाहरण म्हटल्यावर सरपंच कसा नाही म्हणणार? तो हौ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारिन बाई आली. उंच, उन्हाने लाल झालेली, सगळ्यांना हात जोडणारी. शीलाला त्या दिवशी शाळेत पाठवली नव्हती, पाहुणीला फुलं द्यायला ठेवून घेतली होती. सत्यभामाने पदर खोचला, वेणीचा बुचडा बांधला आणि हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फेरीत लागलं. कारिन बाईने टाळ्या वाजवल्या. पट्टा फिरायला लागला, सत्यभामाने हालरच्या तोंडात टोपलंभर धान ओतलं आणि खालून तांदूळ पडायला लागला. ती वळून शीलाकडे बघून हसली. गिरणी आता आपली, हे तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की शीलालाही हसू आलं.

मॅडमनी दाराकडे बघून हात हलवला.

मोतीलाल पडद्यापाशी उभा होता. मर्यादेचा माणूस, तसाच घुसेल कसा? तो खाकरला. इंजिनाच्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून जोरात खाकरला, आणि वर पत्र्याच्या दारावर काठीही आपटली, म्हणजे भावसुनेला सावरायला वेळ मिळावा.

त्या धडधडाटात बाकी कुणाला काही कळलं नाही. सत्यभामाला कळलं. गलक्यात आईला आपल्याच लेकराचं रडणं ऐकू येतं, तसं तिला ते खाकरणं ऐकू आलं. तिचा उजवा हात कमरेला गेला, पदर सुटला, डोक्यावरून पुढे आला, आणि पट्ट्याने तो घेतला. पदर सोडवायला हात गेला. मग पट्ट्याने हातही घेतला.

इंजिन बंद करता येणारी तिथे एकच बाई होती, आणि ती पट्ट्याला लटकलेली होती. दुसऱ्या कुणीतरी भलतीच कळ ओढली. मोतीलाल पडद्याच्या आत पाऊल टाकून थिजला होता. त्याच्यापासून दोन पावलांवर इंजिन होतं, पण मध्ये भावसून होती, आणि तिचं डोकं उघडं पडलं होतं, लुगडं फाटलं होतं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी कारिन बाईच धावली आणि तिनेच इंजिन थांबवलं.

जीप होती म्हणून जीव वाचला. बालाघाटच्या दवाखान्यात उजवा हात खांद्याच्या जरा खाली कापावा लागला.

मोतीलाल बरेच दिवस जेवला नाही, हे खरं आहे. येईल त्याला सांगे, "मी तसाच नाही घुसलो गा. मी खाकरलो होतो." आणि लोक म्हणत, "हौ सरपंच, तुमी तं खाकरले होते. तुमचा काय दोष?" गावाच्या हिशेबाने त्याचा खरंच काही दोष नव्हता. महागूसुद्धा बायकोच्या उशाशी बसून म्हणाला, "दादानं तं आवाज देल्ला होता. तू काहून घाई केली?"



वर काय लिहून गेलं ते पुढे कळलं. शक्तीवर चालणारं यंत्र बायकांना सुरक्षित नाही. गिरणी पंचायतीकडे गेली आणि हिरालाल तिच्यावर बसला. तो पायजमा घालतो, पट्ट्याशी त्याचं काही भांडण नाही. पोत्याचा पडदा काढून टाकला. आता दुपारी बायका धान घेऊन डोक्यावर पदर ओढून कडुनिंबाखाली ताटकळत बसतात, आणि हळू आवाजात बोलतात. सुनीती मॅडमची भोपाळला वरच्या जागेवर बदली झाली. तिथे त्या समानतेचं प्रशिक्षण देतात म्हणे.

शीलाची शाळा सुटली. दळण, पाणी, भाजी चिरणं, आईची वेणी घालणं, सगळ्याला एक उजवा हात हवा होता, आणि घरात तो तिचाच होता.

उन्हाळ्यात मंडळाकडून भेट आली. घडलं त्याचं दुःख वाटून त्यांनी बायकांच्या गटाला बायकांना झेपेल असं, कुणाचा पदर न ओढणारं यंत्र पाठवलं होतं. शिलाई मशीन. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: अध्यक्ष, सत्यभामाबाई. ती द्यायचा मान सरपंचाचा. गड्याच्या डोक्यावर मशीन देऊन मोतीलाल स्वतः महागूच्या घरी आला.

सत्यभामा ओट्यावर बसली होती, डोकं उघडं. शीला खाली तांदूळ निवडत होती.

अंगणाबाहेर मोतीलाल खाकरला.

सत्यभामाचा उजवा खांदा उचलला गेला. नुसता खांदा. मग ती तशीच बसून राहिली. डावा हात मांडीवर होता, तो तिने हलवला नाही. दाराकडे तोंड करून, उघड्या डोक्याने, आता येऊ दे त्याला, असं ती बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भासऱ्याच्या तोंडाकडे बघणार होती, आणि बहुतेक काहीतरी बोलणारही होती. तिने तोंड उघडलं होतं.

पण शीला उठली होती. हातातलं सूप तिने टाकलं, तांदूळ अंगणभर उडाला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती धावत ओट्यावर चढली आणि तिने आईचा पदर दोन्ही हातांनी ओढून डोक्यावरून तोंडापर्यंत झाकला, आणि तो घसरू नये म्हणून हनुवटीखाली घट्ट धरून ठेवला.

"या मोठे बाबा," ती म्हणाली.