लाल ठिपक्याच्या पुंगळ्या

आर्लिसनं गॅरेज साफ करायला काढलं, त्या दिवशी तिचा नवरा रॉइस गुडघा दाखवायला बिलिंग्जला डॉक्टरकडे गेला होता. घरी असता तर त्यानं तिला एका डब्यालाही हात लावू दिला नसता. रायफलच्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्यांची जातच तशी. चेपलेली असो, तडकलेली असो, पितळ म्हटलं की त्यांच्यानं टाकवत नाही. आर्लिसनं मात्र पुंगळ्यांनी भरलेले कॉफीचे जुने डबे पिकअपमध्ये घातले आणि थेट व्हर्नाच्या दारात नेऊन उतरवले.

"क्लबच्या ढिगात घाल गं बाई," ती म्हणाली. "मला तिथं फ्रीझर ठेवायचाय. उद्या हा माणूस गेला तर मी काय पुंगळ्या चघळत बसू?"

व्हर्ना हसली. गावातल्या नेमबाजी क्लबच्या पुंगळ्या साफ करून, तपासून, पुन्हा भरायचं काम कित्येक वर्षं तिच्याकडे होतं, आणि तिच्या टेबलावरून गेलेल्या काडतुसाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. तिनं डबे पितळ घासणाऱ्या यंत्राच्या थरथरत्या पिंपात ओतले, अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घातला आणि स्वयंपाकाला लागली. दुपारी चकचकीत पुंगळ्या टॉवेलवर पसरून ती तपासायला बसली.

पुंगळीची खोड बाहेरून दिसत नाही. फार वेळा झाडली की बुडाच्या जरा वर, आतल्या अंगानं पितळ झिजून खाच पडते. टोक वाकवलेली तार आत घालायची आणि भिंतीला लावून वर ओढायची; अडकली की पुंगळी बाद. नाहीतर ती नळीतच फुटते आणि पेटलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

पहिल्या काही पुंगळ्यांत तार अडकली. मग एकीच्या बुडाकडे व्हर्नाचं लक्ष गेलं आणि तिनं तार खाली ठेवली. तिथं लाल नेलपॉलिशचा अर्धामुर्धा उरलेला ठिपका होता. ती बाटली व्हर्नाचीच. तिचा भाऊ ऑरिन आपल्या पुंगळ्या ओळखू याव्यात म्हणून ती घेऊन गेला होता.

अकरा वर्षांपूर्वी अशाच लाल ठिपक्याच्या एका काडतुसानं ऑरिनचा उजवा डोळा गेला. पुंगळ्या त्याला रॉइसनं दिल्या होत्या, एकदाच झाडल्यात, नव्यासारख्या आहेत म्हणून. अपघातानंतर त्याच रॉइसनं गावभर सांगितलं की ऑरिनचं माप चुकलं, बंदुकीची दारू जास्त भरली गेली. उरलेली काडतुसं धोक्याची आहेत, मी त्यांची वाट लावतो, असं म्हणून तो ती घेऊनही गेला. क्लबनं मानलं, गावानं मानलं, बिचाऱ्या ऑरिननं स्वतःही मानलं. त्यानं पुन्हा रायफल धरली नाही.

ढिगात एक पुंगळी करवतीनं उभी चिरलेली होती. तिलाही ठिपका होता, आणि आतली खाच नखाला लागेल इतकी खोल. पुंगळी चिरतात ती आत पाहण्यासाठीच. म्हणजे रॉइसनं पाहिलं होतं. सगळं कळूनसवरून तो गप्प बसला होता. बरं, एवढं पाप केल्यावर तो पुरावा तरी नदीत फेकायचा, तर तेवढंही त्या कंजूष हातांनी झालं नाही.

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गॅस बंद केला आणि जेवण तसंच राहिलं.

शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी क्लबात रायफलींचे नेम जुळवतात. पहिली गोळी सगळ्यात जुन्या सभासदाची, आणि ते काडतूस व्हर्नाच्या हातचं, असा रिवाज. सगळ्यात जुना सभासद आता रॉइस होता.

व्हर्नानं एक लाल पुंगळी निवडली आणि नेलपॉलिशनं तिचा ठिपका नवा केला. दारूचं माप हातात घेऊन ती बराच वेळ बसली. भरावी असं तिला मनापासून वाटलं. खोटं कशाला सांगायचं? पण आंधळ्या रॉइसची गावाला कीव आली असती, लोकांनी त्याला घरी सूप नेऊन दिलं असतं. तिला तो धडधाकट हवा होता, चार लोकांसमोर, आणि बोलता. तिनं मापातली दारू परत ओतली आणि रिकाम्याच पुंगळीवर गोळी बसवली.

रविवारी टेबलावर खिम्याच्या तिखट चिलीची पातेली होती, शेजारी दालचिनीचे रोल. पातेलं मला एकटीला उचलत नाही, असं सांगून व्हर्नानं ऑरिनला ओढून आणलं होतं. तो तिच्या पिकअपला टेकून बुटांकडे बघत उभा होता.

"घे रे रॉइस," व्हर्ना म्हणाली. "खास तुझ्यासाठी."

"व्हर्नाचं काडतूस म्हणजे डोळे मिटून झाडावं," रॉइस सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. चारजण हसले. मग त्याला ठिपका दिसला आणि त्याचा हात जागीच थांबला.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्याच गॅरेजातून. आर्लिसनं दिलं. मी स्वतः तपासलंय, झाड की."

"झाड एकदाचं," आर्लिस पातेल्याजवळून म्हणाली. "चिली गार होतेय."

रॉइसनं काडतूस बाकावर ठेवलं. "गुडघा फार ठणकतोय. दुसऱ्या कुणीतरी झाडा आज."

"बरं. मग ऑरिन झाडेल. ये रे ऑरिन, एक डोळा आहे अजून शिल्लक."

कुणीतरी खोकलं. ऑरिन बहिणीकडे बघत सावकाश पुढे आला. त्यानं काडतूस उचललं, रायफलकडे हात नेला, आणि रॉइसनं त्याचं मनगट धरलं.

"नको. फुटेल ते."

"का म्हणून फुटेल?" व्हर्नानं विचारलं. "माप माझं आहे."

"मापाचा काही संबंध नाही त्यात." रॉइसचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पुंगळ्याच खराब आहेत. मी त्या किती वेळा झाडल्या, मलाच आठवत नाही. अपघातानंतर मी ऑरिनची उरलेली काडतुसं उघडली, दारू तोलून पाहिली. एकूण एक बरोबर होती."

आर्लिसनं पळी खाली ठेवली. "म्हणून दर नाताळला ऑरिनकडे केक पाठवायला लावत होतास होय मला," ती म्हणाली.

माणसांनी रॉइसकडे पाठ केली आणि आपापल्या रायफली आवरायला घेतल्या. तो लंगडत आपल्या पिकअपपाशी गेला, पण किल्ली आर्लिसच्या खिशात होती आणि ती काही जागची हलली नाही. तो तिथंच दाराला धरून उभा राहिला. व्हर्ना पोटभर बघत होती. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

"रिकामं आहे ते," ती ऑरिनला हळूच म्हणाली. "दारू घातलीच नाही मी. पण बघितलंस ना, कसा बोलला? आता सगळ्यांना कळलं."

ऑरिन काडतूस बोटांत फिरवत होता.

"रॉइस काय, परका माणूस," तो म्हणाला. "पण डोळा गेल्यावर मी तुला दोनदा विचारलं होतं, ताई, तुझ्याबरोबर टेबलावर काडतुसं भरायला बसू का म्हणून. तू म्हणालीस, राहू दे रे, डोळ्याला त्रास होईल. माझ्या मापावर तुझाही भरवसा नव्हता."

त्यानं काडतूस तिच्या हातात ठेवलं आणि गावाकडे चालत निघाला.