काखेतला खिसा

योगवर्गाच्या पहिल्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. योगिराज मंचावर पद्मासनात बसले, डोळे मिटले, आणि पुढच्या रांगेतल्या औषधविक्रेत्याने त्यांचं उजवं मनगट धरलं. अर्ध्या मिनिटात त्याचा चेहरा पडला. नाडी लागतच नव्हती. मग योगिराजांनी हळूच डोळे उघडले आणि नेहमीचं पुराण लावलं: ज्याने श्वास जिंकला त्याने हृदय जिंकलं, गोळ्या म्हणजे दुबळ्या मनाच्या कुबड्या, वगैरे वगैरे. हृदय जिंकलेल्या या महापुरुषाला मंचाच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागली होती, ती कुणाला दिसली नाही.

तिसऱ्या रांगेत शिवणकाकूंचा ऊर भरून आला. योगिराजांच्या अंगातला सदरा त्यांनी शिवला होता. शेजारी त्यांचे यजमान बसले होते, हृदयाचे जुने रुग्ण.

महिनाभर आसनं करून यजमानांचा आखडलेला गुडघा खरोखरच मोकळा झाला. ताडासनात टाचा उचलून उभे राहिले की स्वारी लहान मुलासारखी हसायची. गुडघा सुटला, मग हृदयाचं काय एवढं, असं दोघांना वाटू लागलं.

"गोळ्या बंद करू का गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"एवढे मोठे योगी खोटं कशाला सांगतील?" काकू म्हणाल्या आणि गोळ्यांचा डबा त्यांनीच वरच्या फळीवर ठेवून दिला.

गोळ्या बंद केल्यापासून बाविसाव्या दिवशी सकाळी यजमान वज्रासनात बसले ते उठलेच नाहीत.

दोन महिन्यांनी योगिराजांचा चेला उसवलेल्या कपड्यांचा गठ्ठा टाकून गेला. त्यात तो सदरा होता. उजव्या काखेत आतून एक छोटा खिसा होता. घाम टिपायला कापूस ठेवायचाय, असं सांगून योगिराजांनी तो मुद्दाम शिवून घेतला होता, आणि काकूंनी भक्तिभावाने दुहेरी टीप मारली होती. आज खिशात कापूस नव्हता, लिंबाएवढा रबरी चेंडू होता.

काकूंची मुलगी दवाखान्यात परिचारिका होती. तिने चेंडू काखेत धरला, दंड अंगाशी आवळला आणि मनगट पुढे केलं.

"आई, नाडी बघ."

नाडी मंदावली, मग लागेनाशी झाली.

"आता छातीला कान लाव."

आत हृदय धडधडत होतं. दंडाची रक्तवाहिनी दाबली की मनगटाला रक्त पोचत नाही, हृदयाला त्याचा पत्ताही नसतो, असं मुलगी सांगत राहिली. काकूंनी कान काढला नाही. तिथेच त्या ओक्साबोक्शी रडल्या.

पुढच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी योगिराज यायच्या आधीच काकू मंचावर चढल्या. त्यांनी सदरा उलटा करून दाखवला, चेंडू काखेत धरला आणि त्याच औषधविक्रेत्याच्या हाती मनगट दिलं. तो खाली मान घालून म्हणाला, "लागत नाही."

"आसनं जरूर करा," काकू लोकांना म्हणाल्या. "गुडघे मोकळे होतात, मी घरात पाहिलंय. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि कुणी नाडी थांबवून दाखवली, तर आधी त्याला सदरा काढायला सांगा."

मग त्यांनी सदऱ्याची घडी घातली.

"मला तेव्हा सुचलं नाही. सदरा माझ्या हातचा होता ना, मी शिलाईच बघत बसले."