माझ्या रक्तात कोण राहतं

मी गोमा बोलतोय. जपानातल्या शिकोकू बेटावरच्या डोंगरात रानडुकरांमागे धावणारा कुत्रा. आता फारसा धावत नाही. उंबऱ्यापाशी पडून असतो आणि ऐकत असतो.

माझी बहीण शिनो आणि मी एकाच वेळी जन्मलो, कुमाओ म्हाताऱ्याच्या घराच्या जोत्याखाली. शिनो माझ्याहून धीट. माग लागला की ती पुढे, मी मागे आणि आमच्यामागून धापा टाकत कुमाओ. परतलो की त्याची बायको इत्सुए आम्हाला अंगणात बसवून कानामागच्या गोचिडी चिमट्याने काढायची. "अख्खा डोंगर घेऊन आलात की रे," म्हणायची. पण सगळ्याच सापडायच्या असं नाही.

एका शरदात शिनोने अन्न सोडलं. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. जनावरांच्या किताओका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोचिडीतून आलेले जंतू तिच्या रक्तात शिरलेत, आतून रक्तच खातायत. त्यांनी इंजेक्शन दिलं. शिनो उठली, पुन्हा डोंगरात आली. आम्हाला वाटलं, गेलं ते. पण ते दबा धरून बसलं होतं. बर्फ वितळायच्या आत परतलं, आणि या खेपेला त्या इंजेक्शनाला जुमानेना. दारातल्या मातीवर, माझ्या अंगाला टेकून शिनो गेली. तिचा श्वास थांबला, तरी मला तो ऐकू येत राहिला. अजूनही येतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझेच पाय लटपटायला लागले.

"याला दोन औषधं एकदमच द्यायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच्या तावडीतून सुटलेले जंतू दुसऱ्याच्या हाती सापडतील."

"शिनोलाही तुम्हीच बरं केलं होतंत," कुमाओ म्हणाला.

बाईंनी माझ्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तेव्हा ही दोन्ही औषधं माझ्यापाशी नव्हती. असती तर दिली असती, कुमाओसान."

एक औषध पिवळं, घट्ट. दुसरं गोळीचं. पिवळं औषध स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून इत्सुए डुकराच्या चरबीत अंडं तळून त्यात मिसळायची.

"एवढे लाड माझे कधी केले नाहीस," कुमाओ कुरकुरला.

"तुम्ही आजारी पडा, मग बघू."

हळूहळू हिरड्यांवर लाली आली. एका सकाळी मी अंगणातल्या कावळ्यावर धावून गेलो, तशी कुमाओने डोंगरात न्यायचा माझा पट्टा खुंटीवरून काढला. "बरा झालाय हा. बास झाली औषधं."

"शिनोपण अशीच उठली होती," इत्सुए म्हणाली आणि माझा जबडा उघडून गोळी आत ढकलली. कुमाओने पट्टा परत टांगला. औषधं सांगितली होती तेवढी पूर्ण झाली.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या सादाजीच्या कुत्रीला डुकराने फाडलं. रक्त हवं होतं. कुमाओ मला उचलून गाडीत घालून बाईंकडे घेऊन गेला. "याचं घ्या. धडधाकट आहे."

बाईंनी मान हलवली. "दिसतो धडधाकट. तपासणीत आता काही सापडतही नाही. पण रक्तात एखादा दडलेला असेल, तर तो तिच्यात जाईल. याचं रक्त कुणालाच द्यायचं नाही."

पलीकडे ती कुत्री कण्हत होती. दुसऱ्या गावाहून कुत्रा येईपर्यंत ती राहिली नाही.

तेव्हापासून मी माझ्या आत कान देऊन असतो. कधी अगदी शांत असतं. कधी कुणीतरी हालल्यासारखं वाटतं. ते जंतू आहेत की शिनो, मला कळत नाही.

रानातून घरी आलेल्या मुक्या जिवाच्या कानामागे बोटं फिरवा, एवढंच मागतो. आणि तो उठून धावायला लागला, म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नका.

काल संध्याकाळी इत्सुएने दारातून हाक मारली, "शिनो, ये गं." मग स्वतःच थबकली, तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मी उठलो आणि तिच्याकडे गेलो. कुणीतरी जायला हवं होतं.