चारच शेजारी

एमएस्सीच्या प्रकल्पाले मी सेल्युलर ऑटोमेटा हा विषय घेतला आन् सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तसा विषय सोपा हाये. कागदावर चौकोन पाडायचे, आन् प्रत्येक चौकोनानं शेजाऱ्याकडं पाहून आपला रंग बदलायचा. कठीण होतं ते त्याच्यावर चांगलं काई वाचायले सापडनं. गडचिरोलीच्या कॉलेजातले आमचे सर म्हणले, "दीपाली, महिनाभरानं सोमवारी वाचून टिपणं दाखव. नाईतर विषय बदल."

लायब्ररीत काईच नव्हतं. नेटवर सापडे ते एक तर लेकरांसाठी, नाईतर दुसऱ्याच पानावर डोक्यावरून जाणारं. बावीस दिवसांनी कोण्या तरी मास्तरची दीडशे पानं भेटली. इतकं समजावून लिवलं होतं का मले रडूच आलं. कॉलेजापुढच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली, आन् समासात बारीक अक्षरात माही सारी टिपणं. पाचव्या प्रकरणात जंगलाची आग होती. चौकोनाले शेजारी चारच, वर-खाली, डावा-उजवा. शेजारी पेटला का आपण पेटायचं. कोपऱ्यातला शेजारी धरायचाच नाई.

शनिवारी ती पानं पिशवीत घेऊन मी गावी गेली, मोहफुलं वेचायले. फुलं दिसावी म्हणून आमच्याकडं झाडाखालचा पाला जाळतेत. माहे बाबा झिंगू, ते आधी झाडाभोवती गोल झाडून घेतेत, मंगच काडी लावतेत.

"बाबा, गोल गोल झाडून काऊन मरून राह्यले? चार बाजूले झाडलं का झालं. पुस्तकात हाये."

बाबांनी खराटा माह्या हातात देल्ला. "मंग तूच झाड. मी कुठी शिकलो?"

मी चौकोनाच्या चार बाजू झाडल्या, कोपरे तसेच सोडले, काडी लावली. आग दोन मिनिटं शहाण्यासारखी राह्यली. मंग तिरपा वारा सुटला, आन् ती कोपऱ्यातून निघाली ते सरळ सागाच्या बुडाशी ठेवलेल्या माह्या पिशवीवर. हिरव्या डाहाळ्यांनी झोडपून झोडपून आम्ही विझवली. दीडशे पानांतलं एक अर्धं पान उरलं. पानं पुन्हा छापता आली असती, पण टिपणांची सारी मेहनत राख झाली, मी तिथीच बसून भोकाड पसरलं.

बाबा खराट्यावर टेकून म्हणले, "पुस्तक बराबरच असन माय. आगीनं वाचलं नसन."

सोमवारी ते अर्धं पान मी सरांच्या टेबलावर ठेवलं. सहाव्या प्रकरणाचं पहिलं पान होतं ते, मी तिथपर्यंत पोचलीच नव्हती. सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "चार शेजाऱ्यांचा नियम फक्त सरावासाठी. खऱ्या जंगलात कोपरे धरून आठ घ्यावेत."

"हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलं, सर. विझवल्यावर."

सरांनी माह्या हाताचे फोड पाह्यले, पेन काढलं आन् फॉर्मवर विषयापुढं सही केली.

"शुक्रवारी सहावं प्रकरण पुरं वाचून ये," ते म्हणले. "प्रयोग करू नको."