मिसळीच्या टेबलावरची उद्घोषणा

एस.टी. स्टँडवर उभा जन्म माईकवरून गाड्या पुकारल्यामुळे सावळीराम पगारेंना साधं बोलणं जमतच नसे. जेवायला बसले की म्हणायचे, "वांग्याची भाजी, आमटीमार्गे, ताटात लवकरच येत आहे." घरात हशा पिकायचा. सगळ्यांत जास्त हसायची ती बारावीतली नात, सृष्टी.

पण क्लासच्या परीक्षेत मार्क घसरले आणि सृष्टीचे विनोद भलत्याच वाटेला लागले. "मी मेले तर पुण्यानुमोदनाला आलेल्यांनी माझे मार्क विचारू नयेत हं!" सगळे हसायचे. हसणं ओसरलं की ती अर्धं ताट तसंच टाकून उठायची.

"आजकालची पोरं असंच बोलतात, बाबा," सावळीरामांचा मुलगा किशोर म्हणाला.

सावळीरामांना चैन पडेना. विचारावं, तर नसलेला विचार आपणच तिच्या डोक्यात घालू, ही भीती. त्यापेक्षा पोरीला हसवावं, म्हणून ते तिला रोज सकाळी बागेतल्या हास्यक्लबात नेऊ लागले. तिथे निवृत्त शिक्षिका वत्सलाबाई "आता ताक घुसळायचं हास्य!" असा हुकूम सोडत आणि सत्तरीची मंडळी हवेत रवी फिरवत हा-हा-हो-हो करत. सृष्टीचा आवाज सगळ्यांच्या वर. एकदा तिने तोच मरणाचा विनोद तिथेही सांगितला. भिमाजींची कवळी हसता हसता गवतात पडली आणि अख्खा क्लब ओणवा होऊन ती शोधू लागला.

वत्सलाबाई तेवढ्या वाकल्या नाहीत. "सावळीराम, ही तोंडानेच हसते हो."

"कळतंय बाई. पण विचारू कसं? नसतं काही डोक्यात भरलं तर?"

"विचारल्याने भरत नाही. उलट बोलायला माणूस मिळतं. सरळ विचारा. आणि उत्तर आलं की भाषण ठोकू नका."

क्लब सुटल्यावर आजोबा-नात मिसळ खायला गेले. वाटेत सावळीरामांनी प्रश्न मनात पुन्हा पुन्हा घोळवला. पण तर्रीचं भांडं समोर आलं आणि तोंडातून निघाला तो स्टँडवरचा खणखणीत आवाज.

"लक्ष द्या! सृष्टी किशोर पगारे यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात काय? येत असल्यास त्यांनी कृपया नियंत्रण कक्षाशी ताबडतोब संपर्क साधावा!"

दुकानातल्या माना वळल्या. पाव वाढणारा पोऱ्या जागीच थिजला. सृष्टीने ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदत होते. ती हसत होती. मग कधीतरी ती रडायला लागली.

"आजोबा, हळू ना! सगळ्या गंगापूर रोडला कळलं." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "येतात. कधी कधी. मग माझी मलाच भीती वाटते."

सावळीरामांच्या ओठांवर उपदेशांची रांग लागली होती. त्यांनी ती सगळी गिळली आणि तिचा हात धरला.

"सांगितलंस, बरं केलंस," ते कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं, हे सृष्टीला आजच कळलं. "वत्सलाबाईंच्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, मनाच्या. आजच जाऊ, मी आहे बरोबर. तोवर तुला एकटं सोडणार नाही. किशोरला मीच सांगतो."

"माईकवरून नको."

"नाही, नाही."

पोऱ्या अजून बशी धरून उभा होता. "काका, पाव कुठं ठेवू?"

"फलाट क्रमांक एकवर," सृष्टी नाक पुसत म्हणाली, आणि पहिला पाव तिनेच उचलला.