कट्टा आणि तिसरा गिअर

मुदखेडच्या गॅरेजात ताहेरभाईंच्या ट्रेमध्ये चार दंतचक्रं, दोन बेअरिंग आणि एक झिजलेला फोर्क होता. गिअर सरकवणारा हा फोर्क वर्षभरात दुसऱ्यांदा गेला होता. नांदेडला प्रयोगशाळेतली पहाटेची पाळी दामिनी याच जुन्या गाडीच्या भरवशावर करायची.

“गिअरच्या दांड्यावर कोण हात टेकून बसतं, बाई?” ताहेरभाईंनी दामिनीला विचारलं.

“हात न्हाई, हरभऱ्याचा कट्टा टेकतो, भरलेलं पोतं,” तिचे वडील म्हणाले.

“अप्पा! वर्षभर?”

“मागं ठेवला तर नजर कशी राहील?”

दामिनीनं दातओठ खात गाडीतला कट्टा खाली ओढला.

“नवा फोर्क टाक. पण नांदेडला जाऊन येईस्तोवर एकदा जरी निसटला, तर गाडी भंगारात,” अप्पा दामिनीला म्हणाले.

संध्याकाळी ती परतली. तिसरा गिअर एकदा निसटला होता, पण अप्पांनी विचारलं तेव्हा ती “एकदाही नाही” म्हणाली.